चोर्ला घाट आणि एक लाख दहा हजारांची गाडी

बेळगावहून साखळीला जायचं म्हटलं की चोर्ला घाट आलाच. पिरनवाडी, किणये, जांबोटी करत कणकुंबीला पोचेपर्यंत पुढे घाट आहे असं वाटतसुद्धा नाही. दोन्ही बाजूंना जंगल, रस्ता कधी बरा, कधी नुसते खड्डे. कणकुंबीला माउलीचं देऊळ आणि तिथेच मलप्रभेचा उगम. म्हादईच्या पाण्यावरून दोन राज्यांचं भांडण चाललंय तो कळसा नालाही याच भागातला. (पाण्याला राज्याची हद्द ओलांडायला एवढा त्रास, तर जुन्या गाडीचं काय, हे पुढे कळलंच.)

चोर्ला गाव मागे पडलं की रस्ता एकदम खाली उतरायला लागतो. माथा साधारण 800 मीटरवर आणि पायथ्याचं केरी म्हणजे आलंच कोकण. मधल्या वळणांवरून अंजुणे धरणाचं पाणी दिसतं, तिथे सगळे फोटोला थांबतात. गेल्या मे महिन्यात आम्ही थांबलो ते मात्र बॉनेट उघडून.

सासूबाई साखळीला एकट्या असतात. मार्चमध्ये त्या न्हाणीघरात पडल्या. शेजाऱ्यांचा फोन आला तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते, बस गेलेल्या. ओळखीतल्या एकाची गाडी मिळेपर्यंत दीड तास गेला. त्या दीड तासात बायको काही बोलली नाही, फक्त पायरीवर बसून राहिली. दुसऱ्या दिवसापासून आम्ही जुनी गाडी शोधायला लागलो. खिशात होते दीड लाख.

त्या पैशांत बेळगावात जे दिसत होतं त्यात दम नव्हता. तेवढ्यात साखळीचीच एक गाडी कळली. छोटी, पेट्रोलवरची, 12 वर्षांची, 68,000 किलोमीटर झालेली, किंमत 1,10,000. मालक निवृत्त गृहस्थ, बोलायला गोड. पहिला मालक कळंगुटचा, हे दुसरे.

निघण्याआधी उद्यमबागेतल्या आमच्या मेस्त्रींना विचारलं. ते म्हणाले, "गाडी थंड असताना बघा. गेल्या गेल्या बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर कुठंतरी चहा पिऊन या आणि मग बघा." जुनं दुखणं असलेली गाडी गरम असताना पटकन चालू होते, सकाळी थंडपणी काय करते त्यावर तिची खरी तब्येत कळते, असं त्यांचं म्हणणं. बाकी सगळं त्यांनी बायकोला सांगितलं, मला नाही. ती लिहून घेते म्हणून असेल.

बॉनेट थंड होतं. गाडी पहिल्या चावीला चालू झाली, धूर नाही. साखळीच्या बाजारात वाळवंटीच्या पुराचं पाणी शिरल्याच्या गोष्टी सासूबाईंकडून ऐकलेल्या, त्यामुळे तिने सीटचे पट्टे शेवटपर्यंत ओढून बघितले. पुरात सापडलेली गाडी धुऊन चकाचक करतात, पण गुंडाळलेल्या पट्ट्याच्या आतल्या टोकाला गाळाची रेघ राहून जाते. पट्टे स्वच्छ होते. "ना गो बाय, उदक केन्नाच भितर सरूंक ना," काका म्हणाले, आणि ते खरं होतं.

दोन गोष्टी मात्र खटकल्या. जॅक लावतात त्या जागी पत्रा गंजून पापडासारखा झाला होता. समुद्रकाठची खारी हवा. आणि ऑइलच्या झाकणाला आतून कॉफीच्या फेसासारखा थर. याचे दोन अर्थ होतात. इंजिनातलं पाणी ऑइलमध्ये मिसळतंय, म्हणजे हेड गॅस्केट गेलेलं. किंवा गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालते, इंजिन पुरतं तापतच नाही आणि आतला दमटपणा तिथे साचतो. पहिला अर्थ महागाचा, दुसरा फुकटाचा. नुसतं बघून ठरत नाही.

म्हणून घाट. काका तयार झाले, मागे बसले. निघण्याआधी बायकोने कूलंटच्या बाटलीवर पातळीची रेघ पेनने मारली. केरीपर्यंत गाडी सुरेख. चढ लागला, एसी चालू, दुसरा गिअर. चढावर इंजिनाला काम जास्त आणि वेग कमी म्हणून रेडिएटरला समोरचा वारा कमी, त्यामुळे थंड करणाऱ्या यंत्रणेत जे काही कच्चं असेल ते इथेच बाहेर येतं. काटा हलायला लागला. एसी बंद केला. तरी वर. मग हीटर पूर्ण लावला, इंजिनाची उष्णता आत ओढून घ्यायला. मे महिन्यात, काचा उघड्या टाकून, तीन माणसं हीटरसमोर! काका रुमालाने मान पुसत राहिले, पण तक्रार केली नाही.

धरण दिसतं त्या वळणावर थांबलो. रेडिएटरचं झाकण कुणीही उघडायचं नाही, हे मेस्त्रींनी तीनदा बजावलं होतं. तापलेलं पाणी वाफेसकट अंगावर येतं. बाटली बाहेरून पाहिली. आत तांबूस पाणी, रेघेच्या बोटभर खाली. फोनला रेंज नाही. एक मोटारसायकलवाला थांबला, पाण्याची बाटली ठेवून गेला. पाऊण तास आम्ही कठड्यावर बसलो.

"हांवें ती घाटार केन्नाच व्हरूंक ना," काका म्हणाले. बाजार, देऊळ आणि महिन्यातून एकदा म्हापसा, एवढंच तिचं जग. त्यांनी आम्हाला फसवलं नव्हतं. त्यांच्या लेखी गाडीत काहीच खोट नव्हती.

मेस्त्रींशी संध्याकाळी बोलणं झालं. थर्मोस्टॅट किंवा रेडिएटर असेल तर दहा-बारा हजारांत भागेल, हेड गॅस्केट असेल तर तीसच्या पुढे, "आणि उघडल्याशिवाय देवालाबी कळायचं नाही." त्यात गोव्याची गाडी. कायमची कर्नाटकात ठेवायची तर मूळ आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना 28, आणायचं. बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवणार तर इथे नव्याने नोंदणी. आणि गोव्यात कर भरलेला असला तरी गाडीच्या वयाप्रमाणे इथला आजीवन कर वेगळा. शिवाय 15 वर्षं झाली की तपासणी करून नोंदणीचं नूतनीकरण, म्हणजे तीनच वर्षांनी. बेरीज दीड लाखात काही बसेना.

मला तरीही ती घ्यावीशी वाटत होती. रेडिएटरच निघेल, असं मन सांगत होतं. बायकोने एवढंच विचारलं, "रात्री दोन वाजता आईचा फोन आला तर ही गाडी काढशील?" आमच्या घरापासून बाजारापर्यंत जायचं असतं तर मी हो म्हटलं असतं.

काकांना नाही कळवलं आणि काय काय दिसलं तेही सांगितलं. जूनमध्ये टिळकवाडीतली एकाच मालकाची केए-22 गाडी 1,90,000 ला घेतली, वरचे चाळीस हजार सोसायटीचं कर्ज काढून. जुलैत कणकुंबीच्या धुक्यातून पहिल्यांदा नेली तेव्हा बायको वाटभर काट्याकडेच बघत होती. तो हलला नाही.

काकांची गाडी पुढे डिचोलीच्या एका शिक्षिकेने घेतली, हे सासूबाईंकडून कळलं. रेडिएटर बदलला, हेड गॅस्केट ठीक निघालं. घर ते शाळा मजेत चालते म्हणे. मी बायकोला म्हटलं, बघ, रेडिएटरच होता. ती म्हणाली, "बरं झालं की. तिला कुठं घाट चढायचाय?"