धरमतर ते भिरा: बिलाबाहेरचा हिशेब

धरमतरची खाडी भरतीच्या वेळी पुलावरून पाहावी. ओहोटीला दोन्ही काठांचा राखाडी चिखल उघडा पडलेला असतो, तिवरांची मुळं वर आलेली असतात. भरती लागली की काही तासांत ते सगळं पाण्याखाली जातं आणि मुंबई बंदराच्या बाजूने बार्ज वर यायला लागतात. अंबा नदीची ही खाडी मोठ्या जहाजांना पुरेशी खोल नाही. ती जहाजं बाहेर नांगर टाकून उभी राहतात, त्यांच्यातला कोळसा आणि खनिज बार्जमध्ये उतरतं आणि बार्ज रेवस-करंजाच्या मुखातून आत शिरून भरतीच्या पाण्यावर धक्क्याला लागतात. क्रेनचा पंजा उघडतो तेव्हा खाली पडणाऱ्या कोळशाबरोबर काळ्या भुकटीचा एक पडदा हवेत तरंगत राहतो आणि वारा असेल त्या दिशेला सरकतो. मी इथून निघून वडखळ, नागोठणे, कोलाड असा भिऱ्यापर्यंत जाणार आहे. याच रस्त्यावर एका टोकाला समुद्रापलीकडचा कोळसा उतरतो आणि दुसऱ्या टोकाला, मुंबईच्या गिरण्यांना कोळशाच्या वाफेपासून सोडवण्यासाठी टाटांनी उभारलेल्या जलविद्युत योजनेतलं एक वीजघर आहे. कोळशाची वीज स्वस्त की महाग, हा प्रश्न कागदावर सोडवण्यापेक्षा या रस्त्यावर सोडवणं जास्त प्रामाणिक ठरेल असं मला वाटतं.

पूल ओलांडून अलिबागच्या बाजूला गेलं की पोयनाड परिसरात शहापूर, धेरंड ही गावं लागतात. ही सगळी खारभूमी. समुद्राचं पाणी बांधाने अडवायचं, उघाडीतून, म्हणजे बांधातल्या झडपेतून, पावसाचं पाणी बाहेर सोडायचं आणि मधल्या जमिनीत भात घ्यायचं, हे इथल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सामुदायिक मेहनतीने चालवलेलं काम आहे. बांधाला खांड पडली की खारं पाणी आत येतं आणि मग काही वर्षं पीक हाताला लागत नाही. शेतालगतच्या तळ्यांत जिताडा मासा वाढवतात आणि तो बाजारात भाताहून चांगला पैसा देतो. दोन हजारच्या दशकाच्या उत्तरार्धात याच पट्ट्यात रिलायन्सचा कोळसा आणि वायू मिळून ४००० मेगावॅटचा आणि टाटा पॉवरचा कोळशावरचा १६०० मेगावॅटचा, असे दोन वीजप्रकल्प ठरले. भारत पाटणकरांच्या श्रमिक मुक्ती दलाच्या नेतृत्वाखाली गावं विरोधात उभी राहिली. जवळच चरी आहे. नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ असा खोतीविरुद्धचा शेतकरी संप जिथे चालला, ते हे गाव. जमिनीसाठी लांबवर लढण्याची सवय या मातीला आहे. दोन्ही प्रकल्पांपैकी एकही उभा राहिला नाही. त्या वेळी या गावांना विकासविरोधी म्हणणारे कमी नव्हते, म्हणून गावांनी काय नाकारलं ते आकड्यांत मांडून पाहायला हवं.

एकट्या १६०० मेगावॅटचा हिशेब करू. केंद्र वर्षभर ऐंशी टक्के क्षमतेने चाललं तर सुमारे ११०० कोटी युनिट वीज होते. चांगल्या प्रतीचा आयात कोळसा युनिटला साडेचारशे ग्रॅम धरला, तर वर्षाला ५० लाख टन कोळसा लागतो, म्हणजे रोज जवळपास १४ हजार टन. दोन-अडीच हजार टनांचे सहा-सात भरलेले बार्ज रोज खाडीत, आणि तितकेच रिकामे परत. बार्जच्या लाटांनी बांध खचतात ही खाडीकाठच्या गावांची तक्रार आजच्या वाहतुकीतही आहे. कोळशात राख पाच टक्केच आहे असं मानलं तरी वर्षाला अडीच लाख टन राख उरते, आणि ती ठेवायला भरतीच्या पातळीखालची जमीन. कर्बवायू सुमारे एक कोटी टन. शिवाय उष्णता. कोळशातल्या उष्णतेचा जेमतेम चाळीस टक्के भाग विजेत येतो, बाकीचा मोठा हिस्सा थंड करणाऱ्या पाण्यातून बाहेर टाकावा लागतो. समुद्राच्या पाण्याचं तापमान सात अंशांपर्यंत वाढवायला आपल्या नियमांत मुभा आहे. उघड्या किनाऱ्यावर ते पाणी पसरून जाईल, पण खाडीत ओहोटीला बाहेर गेलेलं कोमट पाणी सहा तासांनी भरतीबरोबर परत आत येतं. जिताड्याची पिल्लं, कोळंबी, चिंबोऱ्या या चिखलातच वाढतात.

ही भीती कल्पनेतली नाही, हे कच्छच्या मुंद्र्यात दिसलं. तिथे टाटांचा आयात कोळशावरचा ४००० मेगावॅटचा प्रकल्प उभा राहिला. गरम पाण्याने किनाऱ्याजवळची मासळी गेली, कोळशाची धूळ वाळत घातलेल्या मासळीवर बसते, अशी तक्रार तिथल्या मच्छीमारांनी कर्ज देणाऱ्या आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाविरुद्ध केली. महामंडळाच्याच लोकपालाने आपल्या संस्थेच्या देखरेखीत उणिवा दाखवल्या आणि प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. अशा संस्थेला खटल्यापासून संपूर्ण संरक्षण नाही, असा निकाल त्या न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये दिला. आणि ज्या स्वस्ताईसाठी हे सगळं सोसायचं, ती तरी टिकली का? इंडोनेशियाने कोळसा निर्यातीच्या किमतीचे नियम बदलले, ठरलेल्या दरात वीज देणं परवडेना, वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०२१ मध्ये कोळसा महागल्यावर प्रकल्प बंद ठेवण्याची वेळ आली. धेरंडला प्रकल्प झाला असता तर तो याच कोळसा बाजाराशी बांधला गेला असता. शहापूर-धेरंडच्या शेतकऱ्यांचा निर्णय पर्यावरणाच्या दृष्टीने बरोबर होताच, व्यवहारातही बरोबर होता.

पुन्हा पूल ओलांडून वडखळकडे निघालं की डोलवीचा पोलाद कारखाना समोर येतो. इथे एक फरक स्पष्ट करायला हवा, कारण वादात तो नेहमी पुसला जातो. कोळशापासून केलेला भट्टीतला कोक लोखंडाच्या खनिजातला प्राणवायू काढून घेतो, म्हणजे तिथे कोळसा हा रासायनिक कच्चा माल आहे. त्याला हायड्रोजनसारखे पर्याय आहेत, पण ते आज महाग आहेत. विजेचं तसं नाही. वीज करायला कोळसाच हवा असं काही नाही. म्हणून पोलादाचं उदाहरण देऊन कोळशाच्या विजेचं समर्थन करता येत नाही. इथून नागोठण्यापर्यंत महामार्गाला बऱ्याच अंतरावर लोहमार्गाची साथ आहे. पुढे रोह्याला कोकण रेल्वे सुरू होते, आणि तिचं संपूर्ण विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं. डिझेलचा धूर गाडीपुढून हटला हे चांगलंच झालं. पण देशातल्या विजेचा सत्तर टक्क्यांच्या आसपास भाग आजही कोळशातून येतो, त्यामुळे तो धूर बराचसा चंद्रपूर-कोराडीच्या औष्णिक केंद्रांच्या चिमण्यांकडे सरकला आहे. २०२५ मध्ये देशाच्या स्थापित वीजक्षमतेतला निम्मा वाटा कोळसा-वायूबाहेरच्या स्रोतांचा झाला, ही बातमी खरी आहे. मात्र क्षमता आणि प्रत्यक्षात तयार झालेले युनिट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

त्या चिमण्यांखाली काय घडतं ते कोकणात बसून विसरायला सोपं जातं. देशी कोळशात तीस ते चाळीस टक्के राख असते. देशातली औष्णिक केंद्रं वर्षाला तीस कोटी टनांहून जास्त राख टाकतात. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राच्या खसाळा इथल्या राखेच्या तलावाचा बांध फुटला आणि राखेचा चिखल शेतांत आणि नाल्यांत शिरला. गंधकाच्या वायूचं तर धोरणच माघारीचं आहे. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने कडक मर्यादा घातल्या, मुदत दोन वर्षांची दिली, ती पुन्हापुन्हा वाढवली आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना गंधक काढणारी यंत्रणा बसवण्यापासून सूटच दिली. देशी कोळशात गंधक कमी असतं, हे त्यामागचं एक कारण सांगितलं गेलं. पण कोळसा कोट्यवधी टनांत जळतो, आणि हा वायू हवेत गेल्यावर त्याचे फुफ्फुसात उतरणारे सूक्ष्म कण बनतात. यंत्रणा बसवता येत नाही असंही नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ मध्ये न्यायमूर्ती धर्माधिकारींच्या अध्यक्षतेखाली डहाणूला प्राधिकरण नेमलं गेलं, त्याने सातत्याने पाठपुरावा केला आणि तिथल्या ५०० मेगावॅटच्या केंद्राला ती बसवावी लागली. त्या खर्चातून इतरांना सूट मिळाली की वीज स्वस्त दिसते, कारण फरकाची रक्कम केंद्राच्या आसपासची माणसं दवाखान्यात भरतात.

यावर हमखास येणारा आक्षेप असा: माणशी कर्बवायू आपण अमेरिका-युरोपच्या मानाने फारच कमी सोडतो, त्यांनी दीडशे वर्षं कोळसा जाळून संपत्ती मिळवली, मग त्याग आपण का करायचा? हवामान बदलाच्या जागतिक वाटाघाटीत हा मुद्दा न्याय्य आहे आणि तो जोरात मांडलाच पाहिजे. पण राख, गंधक, पारा आणि गरम पाणी यांचा त्रास वाटाघाटीत वाटून घेता येत नाही. तो चंद्रपूरच्या आणि मुंद्र्याच्या माणसांनाच होतो. पश्चिमेने काय केलं याच्या उत्तराने त्यांचा दमा बरा होत नाही.

सुकेळी खिंड उतरून कोलाडला डावीकडे वळलं की रस्ता कुंडलिकेच्या सोबतीने सह्याद्रीच्या भिंतीकडे जातो. उन्हाळ्यात कोकणातल्या बहुतेक नद्या खडकांपुरत्या उरतात, पण कुंडलिका वाहती असते. कोलाडचे राफ्टिंगवाले सकाळी ज्या पाण्याची वाट पाहतात, ते भिऱ्याच्या वीजघरातून सुटलेलं असतं. घाटमाथ्यावर मुळशीचं धरण, खाली सुमारे पाचशे मीटरवर भिरा. उतारावरून मोठमोठे नळ सरळ खाली येताना दिसतात. खोपोली १९१५, भिवपुरी १९२२, भिरा १९२७ अशी ही साखळी. भिऱ्याचं पाणी खाली रवाळजे इथे अडवून सरकारी केंद्रात पुन्हा ८० मेगावॅटची वीज केली जाते आणि मग ते डोलवहाळ बंधाऱ्यावरून शेतीला आणि रोह्याच्या कारखान्यांना जातं. जवळजवळ शंभर वर्षं चाललेल्या या केंद्राने राखेचा एक ढीगही मागे ठेवलेला नाही.

तरी याला निष्पाप म्हणता येणार नाही. मुळशीच्या मावळ्यांची गावं आणि भाताची खाचरं बुडाली, म्हणूनच १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला. शिवाय टाटांच्या धरणांतलं वर्षाला सरासरी ४२ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास पाणी भीमेच्या खोऱ्यातून पश्चिमेकडे वळतं, आणि सोलापूरकडच्या दुष्काळी शेतकऱ्याचा त्यावरचा राग समजण्यासारखा आहे. पर्यायी ऊर्जेची बाजू मांडणाऱ्याने हे लपवलं, तर तो कोळशावाल्यांचीच चूक करतो. बिलाबाहेरचा खर्च सगळ्यांच्याच बाबतीत मोजला पाहिजे. म्हणूनच नवी खोरी बुडवून जलविद्युत वाढवावी असं मी म्हणणार नाही. जे जलाशय आहेत त्यांचा वापर बदलावा, एवढंच म्हणतो.

सूर्य रात्री नसतो आणि कोकणात चार महिने ढग असतात, या आक्षेपाचं उत्तर भिऱ्यालाच आहे. १९९० च्या दशकात इथे १५० मेगावॅटचं उदंचन केंद्र उभं राहिलं. वीज मुबलक असताना खालचं पाणी वर चढवायचं आणि संध्याकाळी मागणी चढली की ते पुन्हा खाली सोडायचं. चढवायला लागलेल्या विजेपैकी तीन-चतुर्थांशाहून थोडी अधिक परत मिळते. पूर्वी हे रात्रीच्या शिलकी विजेवर चालायचं, आता दुपारच्या सौर विजेवर चालू शकतं. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरने भिवपुरीला १००० आणि शिरवटा इथे १८०० मेगावॅटच्या उदंचन प्रकल्पांसाठी राज्य सरकारशी करार केला. दोन्ही जागी जुने तलाव आहेत, त्यामुळे सह्याद्रीतल्या नव्या जंगलांत आखलेल्या प्रकल्पांपेक्षा यांना आधी संधी मिळावी. पावसाळ्याबद्दल सांगायचं तर ढग आले की सौर वीज घटते हे खरंच. पण त्याच महिन्यांत साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावरच्या पवनचक्क्या सर्वांत जोरात फिरतात, धरणं भरतात आणि शेतीपंप बंद असल्याने मागणीही उतरते. ऊन, वारा आणि पाणी यांचं महाराष्ट्रातलं वेळापत्रक एकमेकांना पूरक आहे. त्यातलं एकच घेऊन बाकीचं विसरलं तर आक्षेप बरोबर ठरतात.

जमिनीचा प्रश्न मात्र कोकणात खरा आहे. एका मेगावॅटला चार-पाच एकर लागतात, आणि गुंठ्यांनी वाटलेल्या भातशेतीवर पॅनल अंथरणं मला मान्य नाही. ते काम मराठवाडा-विदर्भातल्या पडीक जमिनीवर व्हावं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत तिथे युनिटला तीन रुपयांच्या आसपास दर आले आहेत आणि शेतकऱ्याला दिवसा पाणी देता येतं. रायगडने आपली छपरं द्यावीत. नागोठणे, रोहा-धाटाव, विळे-भागाड इथले कारखाने, हमरापूर-जोह्याच्या गणेशमूर्तींच्या कार्यशाळा, शाळा-कॉलेजं आणि घरं. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजार रुपयांचं अनुदान आहे. ‘निसर्ग’ वादळात ३ जून २०२० ला खांब पडून या जिल्ह्यातली गावं कित्येक दिवस अंधारात होती, तेव्हा छपरावरच्या विजेला बॅटरीची जोड असणंही गरजेचं आहे. ग्रिड गेलं की साधी सौर यंत्रणा आपोआप बंद होते, ही गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत.

चालू कोळसा केंद्रं उद्याच बंद करा, असं या प्रवासानंतरही मी म्हणत नाही. संध्याकाळचा भार अजून त्यांच्यावर आहे आणि साठवण उभी राहायला वर्षं लागतील. पण खाडीकाठी नवं कोळसा केंद्र उभारण्याचं एकही कारण आता शिल्लक नाही, आणि चालू केंद्रांना गंधकाची सूट देण्याचं तर कधीच नव्हतं. धरमतर, पेण, रोहा भागातल्या वाचकांना माझी एक विनंती आहे. कोळशाच्या किंवा उदंचनाच्या कुठल्याही प्रकल्पाची जनसुनावणी लागली तर ३० दिवस आधी जाहीर नोटीस यावी लागते आणि अहवालाचा सारांश मराठीत जिल्हाधिकारी कार्यालयात व जिल्हा परिषदेत ठेवावा लागतो. तो मागून घ्या, वाचा, आणि पाणी कुठे जाणार, राख कुठे पडणार, जमीन कोणाची बुडणार हे प्रश्न लेखी द्या. लेखी हरकतीची नोंद इतिवृत्तात करावीच लागते.