पुढे जाण्यापुरती दुरुस्ती

परमुलखात मोटरहोम बिघडले की पहिला प्रश्न पडायला हवा तो हा, की नक्की बिघडले काय? गाडी की घर? युरोपातली बहुतेक मोटरहोमे फियाट ड्युकाटोच्या सांगाड्यावर उभी असतात. इटलीतल्या आतेस्साच्या कारखान्यात १९८१ पासून तयार होणारी ड्युकाटो ही मुळात माल वाहणारी व्हॅन. भाजीपासून फर्निचरपर्यंत सगळे वाहत ती गावोगाव फिरते, त्यामुळे तिची क्लचप्लेट किंवा वॉटर पंप लिस्बनला मिळतो तसा माराकेशलाही मिळतो आणि तो बसवणारा मेकॅनिकही सापडतो. वरच्या घराची गोष्ट निराळी. हीटर एका कंपनीचा, फ्रिज दुसरीचा, खिडक्या तिसरीच्या, आणि हे सगळे जोडणाऱ्या कारखान्याचे नाव दोन सीमा ओलांडल्यावर कुणाच्या कानावरूनही गेलेले नसते. म्हणजे जी बाजू अवजड आणि गुंतागुंतीची वाटते ती लवकर मार्गी लागते; माणूस अडकतो तो घरातल्या नळाच्या पंपासाठी, छताच्या झडपेसाठी, हीटरच्या एखाद्या सर्किटसाठी.

अशा वेळी ‘होते तसेच करून द्या’ हा हट्ट बहुतेकदा महागात पडतो. मूळचाच सुटा भाग हवा म्हटले की वाट पाहणे आले, आणि परदेशात वाट पाहण्याला मुदत असते. इटलीत १५ ऑगस्टच्या फेरागोस्तो या सणाच्या आगेमागे कित्येक गॅरेजांना आठवडाभर टाळे असते; ऐन हंगामात, जेव्हा रस्ते मोटरहोमांनी भरलेले असतात तेव्हाच. मोरोक्कोत पर्यटकाची गाडी वर्षाकाठी सहा महिनेच राहू शकते, शिवाय ती आणणाऱ्याच्या नावावर कस्टममध्ये नोंदलेली असते. गाडी तिथेच सोडून विमानाने निघून जाणे सोपे नसते. युरोपातून मागवलेले पार्सलही त्याच कस्टमच्या दारातून येते. म्हणून प्रवासातल्या दुरुस्तीला दोनच कसोट्या लावाव्यात असे मला वाटते. या दुरुस्तीने सुखरूप पुढे जाता येईल का? आणि नंतर पक्के काम करताना ती आड तर येणार नाही?

दुसरी कसोटी सहसा विसरली जाते. छतावरच्या झडपेच्या कडेने पाणी झिरपू लागले, असे धरू. मोटरहोमची भिंत म्हणजे बाहेरून पातळ पत्रा किंवा फायबर, मध्ये फोम, आतून प्लायवुड. पाणी आत शिरले की दिसत नाही. ते लाकूड कुजवत राहते आणि डाग उमटेपर्यंत नुकसान होऊन गेलेले असते. घाईत कोणी दुकानातून बाथरूमचे सिलिकॉन आणून कडेने फासतो. गळती थांबते. पण सिलिकॉनवर पुढे दुसरे सीलंट नीट धरत नाही, आणि ते खरवडून काढले तरी त्याचा तेलकट थर मागे उरतो. त्याऐवजी जागा कोरडी करून, स्पिरिटने पुसून चिकटपट्टी लावली तर ती दिसायला ओबडधोबड असते, पण घरी परतल्यावर सोलून टाकता येते. पहिले काम पक्के दिसते आणि पुढची वाट बंद करते. दुसरे कच्चे दिसते आणि ती मोकळी ठेवते. परदेशात मी दुसऱ्याच्या बाजूने आहे.

यावर पहिला आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो रास्त आहे. ब्रेक, स्टिअरिंग, टायर आणि गॅसची नळी यांत ‘पुढे जाण्यापुरते’ असे काही नसते. पण हा आक्षेप माझ्या पहिल्याच कसोटीत बसतो: सुखरूप जाता येत नसेल तर थांबावे. गॅसच्या बाबतीत तर कित्येकदा बिघाड नसतोच. मोरोक्कोत घरोघरी मिळतो तो ब्युटेन. शून्याच्या आसपास त्याची वाफ होणे थांबते. प्रोपेन मात्र उणे ४० च्या थंडीतही चालतो. इफ्रानसारख्या डोंगरी गावात हिवाळ्याच्या रात्री हीटर पेटला नाही, तर तो उघडून बसण्याआधी सिलिंडरात काय आहे ते पाहावे. दुसरा आक्षेप वॉरंटीचा. बाहेरच्या माणसाने हात लावला की कंपनी जबाबदारी झटकू शकते, हे खरे. म्हणूनच कामाआधी आणि नंतर फोटो काढावेत, पावती घ्यावी, काढलेला भाग जपून ठेवावा आणि शक्य असेल तर कंपनीला आधी कळवावे. मोटरहोम भाड्याचे असेल तर निर्णय आपला नसतोच. मालक कंपनीला विचारल्यावाचून स्क्रूही फिरवू नये.

तिसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे: हे सगळे स्वस्त मजुरीचे कौतुक तर नव्हे? मोरोक्कोतल्या अगादीर आणि तिझनितच्या भागात हिवाळा काढायला येणारे युरोपीय निवृत्त लोक तिथे पत्र्याचे काम, गादीकाम, रंगकाम करून घेतात आणि त्यात पैसे वाचतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तिथल्या कारागिराचे मोल केवळ दरात नाही. जिथे सुटा भाग मिळणे अवघड असते तिथे भाग उघडून पाहण्याची, तो वळवण्याची, नवा घडवण्याची सवय टिकून राहते. जिथे तो आठवड्याभरात येतो तिथे आख्खे यंत्रच बदलणे सोयीचे ठरते आणि ती सवय हळूहळू सुटते. ही कसबाची बाब आहे. त्या कसबाची मजुरी घासाघीस करून पाडू नये.

म्हणून मोटरहोम निवडताना त्यात काय काय सोयी आहेत याची यादी नंतर करा. प्रत्येक सोय बंद पडली तर तिच्यावाचून किती दिवस चालवता येईल, ते आधी ठरवा. जिच्यावाचून एक दिवसही चालणार नाही, तिचा सुटा भाग घरून निघतानाच बरोबर घ्या.