दोन लेखक, एक घर आणि पगार कुणालाच नाही

लग्नाच्या दावतीत किंवा मय्यतीच्या घरी कुणी नवीन ओळखीचे भेटले की पहिला प्रश्न येतो, "काय करता?" आम्ही दोघे नवरा-बायको एकदमच सांगतो, "लिहितो." दुसरा प्रश्नही ठरलेला असतो, "ते झालं हो, पण काम काय करता?"

विचारणाऱ्याचे काही चुकत नाही. रत्नागिरीत आपल्या घरांतली कामे सगळ्यांच्या ओळखीची आहेत. कुणी जहाजावर असतो, कुणी कुवेतला, कुणाची होडी मिरकरवाड्याला लागते, कुणाची आंब्याची बाग आहे, कुणी शाळेत शिकवते. आमच्यातला एकजणसुद्धा आठ वर्षे आखातात गोदामाचे हिशेब लिहीत होता. दुसरी इथे मुले सांभाळून मासिकांना लेख पाठवत होती. पुढे दोघांनी मिळून ठरवले की आता कोकणनगरच्या याच घरात राहायचे आणि लिहून पोट भरायचे. त्याला आता अकरा वर्षे झाली, अल्हम्दुलिल्लाह. पगार तेव्हापासून कुणालाच नाही.

मुक्त लेखन म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे खिडकी, चहा आणि समुद्र येतो. चहा खरा आहे. बाकी दिवस असा जातो. फजरनंतर मुले उठेपर्यंतचा दीड तास सगळ्यात मोलाचा, कारण तेव्हा फोन वाजत नाही. मग डबे, शाळा, अम्मांच्या गोळ्या. त्यानंतर उर्दू आणि हिंदीतून मराठीत भाषांतर, एखाद्या दवाखान्याचे माहितीपत्रक, पर्यटकांसाठी मजकूर. थिबा राजाला इंग्रजांनी 1886 मध्ये रत्नागिरीत आणले, 1910 च्या सुमारास त्याच्यासाठी राजवाडा उभा राहिला आणि 1916 मध्ये तो इथेच वारला, एवढी हकीकत आम्ही इतक्या तऱ्हांनी लिहिली आहे की आमचा धाकटा त्याला "आपला थिबा" म्हणतो. तो बिचारा राजा आमच्या घराला अजून किराणा पुरवतो.

या कामाला मराठीत मानधन म्हणतात. त्यातला मान लगेच मिळतो, धन तीन महिन्यांनी. अम्मांना, म्हणजे सासूबाईंना, ही गोष्ट समजावणे सुरुवातीला अवघड होते. आमचे सासरे जहाजावर होते आणि त्यांचे पैसे महिन्याच्या महिन्याला घरी येत. पण अम्मांचे माहेर मासेमारीचे. एक दिवस त्यांनीच हिशेब लावला, "म्हणजे तुमचं दर्यासारखं आहे. जून-जुलैत बंदी, मग एकदम जाळं भरून." राज्यात 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांसाठी मच्छीमाराचे घर आधीपासून सुकी मासळी आणि चार पैसे बाजूला ठेवते. आम्हीही तेच शिकलो. जे येईल त्यातला तिसरा हिस्सा आधी बाजूला काढायचा आणि उरलेल्यात घर चालवायचे.

दुसरी शिस्त कागदाची. उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा, हे सूरह बकराच्या 282 व्या आयतीत केवढ्या तपशिलाने सांगितले आहे. ओळखीच्या माणसाकडे कागद मागायला मात्र आपल्याला शरम वाटते. आम्ही मागतो. किती शब्द, किती रक्कम, कोणत्या तारखेला आणि लेखनाचा हक्क कुणाकडे, हे आधी लेखी घेतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचे 19 वे कलम लिहिणाऱ्या प्रत्येकाने वाचावे असे आहे. हक्क देणे लेखी आणि सहीनिशी असावे लागते. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरतात आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर हक्क भारतापुरता. आपल्या घरांत आता पुष्कळ मुली भाषांतर, चित्रे, रेसिपीचे व्हिडिओ असे घरबसल्या काम करतात. त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिले.

आता आमच्या शौकांविषयी. आम्ही लिहायला लागलो ते थोर ग्रंथ वाचून नव्हे. बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा वाचून आम्ही वाचायला शिकलो. त्यांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड यांच्या पुस्तकांची पाने गळेपर्यंत ती आमच्या मोहल्ल्यात फिरत. अम्मांचा शौक त्याहून जुना, तो रेडिओचा. 1952 मध्ये रेडिओ सिलोनवर सुरू झालेली 'बिनाका गीतमाला' त्या लहानपणापासून बुधवारी रात्री ऐकत. 2024 च्या फेब्रुवारीत अमीन सयानी वारले, तेव्हा अम्मांनी घरातलेच कुणी गेल्यासारखे दिवसभर त्यांच्याविषयी सांगितले.

त्या दिवशी आम्ही त्यांना अमीन सयानींच्या आईची गोष्ट सांगितली. कुलसुम सयानी यांनी नव्याने वाचायला शिकलेल्या माणसांसाठी 1940 पासून 'रहबर' नावाचे पत्र चालवले. भाषा सोपी हिंदुस्तानी आणि लिपी तीन, देवनागरी, उर्दू आणि गुजराती. अमीन सयानी लहानपणी त्या कामात आईला मदत करत. सगळ्यांना कळेल असे बोलायचे, हे त्यांनी तिथेच उचलले. अम्मा म्हणाल्या, "म्हणजे आईची भाषा होती ती." हे वाक्य आमच्या मनात राहिले आणि पुढे कामाला आले.

2020 च्या रमजानात टाळेबंदी होती. त्या महिन्यात तुर्कस्तानची अर्तुग्रुलची मालिका उर्दूत आली आणि तरावीहनंतर आमचे घर पडद्यापुढे बसायला लागले. कापडाच्या पट्ट्या कमरेला बांधून धाकट्याने अंगणात घोडा दौडवला. थोरलीचा शौक वेगळा. ती नववीत आहे आणि तिची नायिका कमला खान. न्यू जर्सीतल्या पाकिस्तानी घरातली ही मुलगी 'मिस मार्व्हल' म्हणून 2014 पासून स्वतःच्या कॉमिकमध्ये आहे आणि 2022 मध्ये तिची मालिका आली. कमला स्वतः आवडत्या नायकांच्या गोष्टी रचून लिहिते, म्हणून आमची लेकही वहीच्या मागच्या पानांवर कमलाच्या गोष्टी लिहिते. तिच्या एका गोष्टीत कमला मांडवीच्या किनाऱ्यावर उतरली आहे.

हे सगळे सांगण्याचे कारण पुढे आहे. दोन वर्षांपूर्वी मुंबईच्या एका निर्मिती संस्थेकडून आम्हाला मराठी मालिकेच्या संवादांचे काम आले. मालिका कोकणातली होती. तिच्यात मासळीचा एक मुसलमान व्यापारी होता आणि त्याचे प्रसंग आम्ही लिहायचे होते. 26 भाग, भागाला 4 हजार, म्हणजे 1 लाख 4 हजार रुपये. आमच्या मागच्या पडवीची कौले बदलायला 85 हजारांचा अंदाज होता. दोन्ही आकडे एका कागदावर लिहून आम्ही फ्रिजवर लावले.

पहिले चार भाग आम्ही आनंदाने लिहिले. व्यापारी मिरकरवाड्याच्या लिलावात भाव करतो, मुलीच्या निकाहची चिंता करतो, जुम्याला दुकान बंद ठेवतो. बोलतो मात्र मराठी, कारण तो रत्नागिरीचा आहे. तिकडून नम्र उत्तर आले. लिखाण आवडले, पण माणूस मुसलमान आहे हे पहिल्या वाक्यात कळले पाहिजे. नमुना म्हणून त्यांनी एक वाक्यही पाठवले होते, "ए भाव, मेरेको इतना मराठी नय जमता." आम्ही लिहून कळवले की या माणसाची मातृभाषाच मराठी आहे, तो मुसलमान आहे हे त्याच्या घरातून आणि वागण्यातून दिसेल. त्यांनी कळवले की प्रेक्षकांना अशी सवय नाही, आठवड्यात होय की नाही सांगा.

इशानंतर दस्तरखानावर बोलणे झाले. आमच्यात मतभेद होते आणि ते साधे नव्हते. एकाचे म्हणणे, आपण नाही लिहिले तर दुसरा लिहील आणि आपल्याहून वाईट लिहील. आत राहून थोडे तरी सुधारता येईल, शिवाय पावसाळा दीड महिन्यावर आहे. दुसरीचे म्हणणे, 26 भाग ते वाक्य आपल्या हाताने लिहायचे आणि उद्या वर्गात कुणी धाकट्याला विचारले, "तुम्ही घरी मराठी बोलता?" तर त्याने काय सांगायचे? हा प्रश्न त्याला एकदा विचारून झालाच होता.

लेक म्हणाली, "कमला खान न्यू जर्सीच्या मुलींसारखं इंग्रजी बोलते. ती मुसलमान आहे हे दाखवायला कुणी तिचं इंग्रजी मोडत नाही." अम्मा तोवर गप्प होत्या. त्यांची बोली छापताना थोडी सरळ केली आहे, पण बोलणे त्यांचेच, "तुर्कस्तानचा अर्तुग्रुल आमच्या घरात येऊन अस्सल उर्दू बोलतो, ते चालतं. आणि मिरकरवाड्याचा माणूस मराठी बोलला तर चालत नाही?"

त्या रात्री आम्हाला आणखी एक गोष्ट जाणवली. आमच्या धंद्याची जुनी हत्यारे कोणती? कागद, कलम, शाई, दौत, दफ्तर. हे सगळे शब्द फारसी-अरबीतून मराठीत आले आणि इतके मुरले की कुणाला परके वाटत नाहीत. पगारसुद्धा पोर्तुगीजांकडून आलेला. शब्दांना मराठीने असे घरात घेतले आहे. माणसेही काही कमी नव्हती. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' मराठीत लिहिला. शाहीर अमर शेखांच्या आवाजाने संयुक्त महाराष्ट्राच्या सभा हलवल्या आणि 1961 मध्ये कुंभाराच्या घरावरच्या 'प्रपंच' चित्रपटात त्यांनी कामही केले. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई, त्यांच्या विचारांशी आपल्यातल्या पुष्कळांचे पटले नाही, पण कोकणातले आपले गाव 'इंधन' कादंबरीत त्यांनी मराठीतच उभे केले. एवढे असताना पडद्यावरच्या आमच्या माणसाला मराठी येत नाही असे आम्हीच कसे लिहायचे?

आम्ही नाही कळवले. कुणावर राग धरला नाही, वर्तमानपत्रात पत्र लिहिले नाही. लिहिलेल्या चार भागांचे 16 हजार कराराप्रमाणे मागितले आणि ते साडेतीन महिन्यांनी आले. कागद होता म्हणून आले.

या निर्णयाची किंमत पडवीने दिली. त्या पावसाळ्यात वर ताडपत्री आणि खाली चार बादल्या होत्या. पुस्तकांचे कपाट अम्मांच्या खोलीत हलवले. रात्री पावसाचा जोर वाढला की आमच्यातला एकजण उठून बादल्या बघायचा आणि काही न बोलता परत येऊन झोपायचा. त्या न बोलण्यात 85 हजारांचा आकडा ऐकू यायचा. नकार देणे सोपे होते, असे कुणी आमच्याबद्दल म्हणू नये. पडवीचे काम पुढच्या वर्षी भाषांतराच्या पैशांतून दोन हप्त्यांत झाले.

मालिका यथावकाश आली. व्यापारी तसाच बोलत होता, जसा त्यांना हवा होता. दुसऱ्याने लिहिले, अंदाज बरोबर ठरला. गंमत म्हणजे अम्मा ती मालिका रोज बघायच्या, कारण नायिकेची सासू त्यांना आवडायची. व्यापारी पडद्यावर आला की आवाज बंद करायच्या आणि त्याचे संवाद आपल्या बोलीत स्वतः म्हणायच्या. मुले हसून लोळायची. आम्ही मात्र वही पुढे ओढायचो, कारण अम्मांचे संवाद आमच्यापेक्षा चांगले असायचे.

त्या वहीतून आता एक काम उभे राहिले आहे. जुने चार भाग कराराने त्यांचे झाले, म्हणून माणूस नवा घेतला आहे, आंब्याच्या पेट्या भरणारी एक म्हातारी आणि तिची शाळेत जाणारी नात. ऐकण्याच्या नाटकाचे सहा भाग आहेत. म्हातारीची भाषा अम्मा तपासतात, नातीची आमची लेक. धाकट्याला भरतीच्या लाटेचा आवाज काढायचे काम दिले आहे आणि तो ते दिवसभर करतो.

वाचकहो, तुमच्या घरातही दादी-नानीकडे असे शब्द असतील. मासळीचे, भाताचे, रुसव्याचे, दुआचे. ती बोलत असताना फोनवर तरी टिपून ठेवा. लेखक व्हायची गरज नाही.

नाटक एका ठिकाणी पाठवले आहे आणि त्यांना आवडल्याचे कळले आहे. मानधन अजून ठरलेले नाही. कागद मात्र आम्ही आधीच मागितला आहे.