हलकी बिअर, भरली चव

बिअरमध्ये कॅलरी कुठून येतात असं विचारलं, तर बहुतेक जण धान्याकडे आणि साखरेकडे बोट दाखवतात. हे अर्धंच खरं आहे. एक ग्रॅम साखरेतून ४ कॅलरी मिळतात, एक ग्रॅम अल्कोहोलमधून ७. पाच टक्क्यांच्या साध्या लागर बिअरचा एक इंग्लिश पाइंट, म्हणजे ५६८ मिलिलिटर, घेतला तर त्यातल्या सुमारे २४० कॅलरींपैकी दोन तृतीयांश एकट्या अल्कोहोलच्या असतात. चवीचा आणि भरीवपणाचा त्यातला वाटा बराच कमी. घरी हलकी बिअर बनवणाऱ्याने सगळ्यात आधी हे मनात पक्कं करावं.

मुंबईत आंबवणाचं तंत्र शिकून मी इंग्लंडच्या मिडलँड्समध्ये आलो आणि यीस्टच्या प्रयोगशाळेत रमलो. घरी बिअर बनवायला लागलो तेही इथेच. १९६३ साली तेव्हाचे अर्थमंत्री रेजिनल्ड मॉडलिंग यांनी घरगुती बिअरवरची परवान्याची अट काढून टाकली. तेव्हापासून इथे कुणीही स्वतःपुरती बिअर बनवू शकतं, विकता मात्र येत नाही. महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं हा गुन्हा आहे, हे पुढचं वाचताना ध्यानात असू द्यावं.

यीस्ट एक ग्रॅम साखर खातं तेव्हा साधारण अर्धा ग्रॅम अल्कोहोल तयार होतं, बाकीचा बहुतेक भाग कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. अर्ध्या ग्रॅम अल्कोहोलच्या कॅलरी साडेतीन, मूळ साखरेच्या चार. म्हणजे यीस्टने साखर खाल्ली काय नि ठेवली काय, हिशेब जवळपास तोच राहतो. एकूण कॅलरी ठरतात त्या धान्य तोलताना. हायड्रोमीटरवर सुरुवातीची घनता १.०५० आली की बिअर जड होणार, १.०३२ आली की पाइंटमागे १६०–१७० कॅलरींवर थांबणार. मग उरतो खरा प्रश्न : या मोजक्या साखरेतली किती अल्कोहोल होऊ द्यायची आणि किती चवीसाठी राखायची?

अमेरिकेने याचं एक उत्तर दिलं. ब्रुकलिनच्या ऱ्हाइनगोल्ड ब्रुअरीतले जीवरसायनशास्त्रज्ञ जोसेफ ओवेड्स यांनी अमायलोग्लुकोसिडेज हे एन्झाइम वापरलं. स्टार्चचे जे तुकडे यीस्टला पचत नाहीत त्यांना डेक्स्ट्रिन म्हणतात. हे एन्झाइम तेही तोडून यीस्टच्या पुढ्यात ठेवतं. १९६७ साली या पद्धतीची ‘गॅब्लिंगर्स डाएट बिअर’ बाजारात आली आणि पडली. पुढे ही कृती शिकागोच्या मायस्टर ब्राउ ब्रुअरीमार्गे मिलर कंपनीकडे पोचली आणि १९७५ मध्ये ‘मिलर लाइट’ अमेरिकाभर गेली : ३५५ मिलिलिटरमध्ये ९६ कॅलरी, ४.२ टक्के अल्कोहोल. ओवेड्स यांच्या रसायनशास्त्राबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्यांनी अल्कोहोल राखलं आणि भरीवपणा काढून टाकला. माझ्या मते काढायचं होतं ते अल्कोहोल.

ही उलटी वाट इंग्लंडला पहिल्या महायुद्धात नाइलाजाने धरावी लागली. धान्य वाचवण्यासाठी सरकारने बिअरवर मर्यादा घातल्या आणि १९१४ साली १.०५२च्या आसपास असलेली सरासरी घनता युद्ध संपेपर्यंत १.०३०वर उतरली. पूर्वी चांगली कडक असणारी ‘माइल्ड’ तेव्हापासून हलकी झाली ती कायमची. कोळशाच्या खाणींतून आणि ओतशाळांतून सुटलेला कामगार संध्याकाळी तीच प्यायचा. तीन टक्क्यांची, काळसर, भाजक्या धान्याच्या चवीची ही बिअर मी अजूनही कुठल्याही ‘लाइट’ बिअरच्या वरची मानतो.

वीस लिटर माइल्डला मी पावणेतीन किलो धान्य घेतो. पाच टक्क्यांच्या बिअरला चार-साडेचार किलो लागलं असतं. दोन किलो मॅरिस ऑटर जातीच्या बार्लीचा माल्ट, ३०० ग्रॅम जाडे ओट्स, २५० ग्रॅम क्रिस्टल माल्ट, बाकी ब्राउन आणि चॉकलेट माल्ट निम्मे-निम्मे. साखर मुख्यतः बार्ली देते, ओट्समुळे जिभेवर स्निग्धपणा येतो आणि भाजलेले माल्ट मूठभरच असले तरी रंग आणि चव त्यांचीच. धान्य कमी केलं म्हणून हे माल्टही त्याच प्रमाणात कमी करणं ही मोठी चूक. मूळ माल्ट कापावा, चवीचा माल्ट तेवढाच ठेवावा.

मॅशचं, म्हणजे दळलेलं धान्य गरम पाण्यात मुरवण्याचं, तापमान मी ६९–७० अंश ठेवतो. यीस्टला खाता येईल अशी साखर बनवणारं बीटा अमायलेज या उष्णतेत लवकर दमतं, अल्फा अमायलेज काम करत राहतं आणि डेक्स्ट्रिन मुबलक उरतात. त्यात विंडसर जातीचं यीस्ट घालतो. त्याला माल्टोट्रायोज ही साखर खाता येत नाही, तीही मागे राहते. बिअर अडीच-पावणेतीन टक्क्यांवर थांबते आणि तोंडात मात्र भरलेली लागते.

मॅशनंतर उरलेली साखर उतरवायला धान्य धुतात, त्याबाबत फार सांभाळावं लागतं. थोड्या धान्यावरून भरपूर पाणी ओतलं की पीएच ६च्या वर चढतो, सालांतलं टॅनिन उतरतं आणि फार वेळ उकळलेल्या चहासारखी तोंड आखडणारी तुरट चव येते. मी धुतच नाही. सगळं पाणी पहिल्यापासून मॅशमध्ये घेतो आणि लॅक्टिक ॲसिडच्या थेंबांनी पीएच ५.३च्या आसपास आणतो. पाण्याचंही तसंच. जवळच्या बर्टनच्या विहिरींचं पाणी जिप्समने भरलेलं. त्यातल्या सल्फेटमुळे कडूपणाला धार येते. पेल एलला ती शोभते, हलक्या बिअरला बोचते. म्हणून मी कॅल्शियम क्लोराइड घालून चव गोलसर करतो.

हॉप्सच्या फुलांचा कडूपणाही निम्म्यावर आणावा. सुगंध हवा असेल तर उकळी बंद करून ८० अंशांवर हॉप्स वीस मिनिटं मुरू द्यावेत. आंबून झालेल्या बिअरमध्ये कच्चे हॉप्स टाकायची हल्ली फार हौस आहे. हलक्या बिअरला त्याचा खरा धोका आहे. होरेस ब्राउन आणि हॅरिस मॉरिस यांनी १८९३ सालीच लिहून ठेवलं आहे की हॉप्समध्ये स्टार्च तोडणारी एन्झाइम असतात. इतक्या जपणुकीने राखलेले डेक्स्ट्रिन ती तोडतात, यीस्ट पुन्हा कामाला लागतं, बिअर पातळ होते. हे बाटलीत घडलं तर वायूचा दाब वाढून बाटली फुटते आणि काचा उडतात. टाकायचेच असतील तर हॉप्स टाकून हायड्रोमीटरचा आकडा काही दिवस तसूभरही हलत नाही, याची खात्री करूनच बाटल्या भराव्यात.

माझी सगळ्यात आवडती हलकी बिअर मात्र पोलंडची आहे. ग्रोजिस्क गावची ग्रोजिस्किए. सगळा माल्ट गव्हाचा, तोही ओकच्या लाकडाच्या धुरावर वाळवलेला. अल्कोहोल जेमतेम तीन टक्के, बुडबुडे इतके की तिला पोलंडची शॅम्पेन म्हणत. १९९३ साली गावातली ब्रुअरी बंद पडली आणि शेकडो वर्षांची परंपरा तुटली. ती विझू दिली नाही घरी बिअर बनवणाऱ्या पोलिश लोकांनी. त्यांनी जुनी यीस्ट शोधली, कृती पडताळल्या, पुन्हा पुन्हा बनवून पाहिलं. २०१५ साली त्याच गावात ती बिअर पुन्हा बनू लागली. घरगुती बिअरवाल्यांनी याहून मोठं काम केल्याचं मला ठाऊक नाही. धूर, गव्हाचा मऊपणा आणि बुडबुड्यांची चरचर या तिन्हींना कॅलरी जवळजवळ लागतच नाहीत. ३३० मिलिलिटरमध्ये नव्वदच्या आसपास कॅलरी आणि चवीत कसलीही उणीव नाही.

पुण्यात २००९ साली डूलाली ही छोटी ब्रुअरी सुरू झाली आणि तिच्या पाठोपाठ परवानाधारक छोट्या ब्रुअऱ्यांना महाराष्ट्रात गिऱ्हाईक मिळालं. तिथे गव्हाची बिअर लोकांना आवडते, मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो. अशा हवेत पाच-सहा टक्क्यांपेक्षा तीन टक्क्यांची ग्रोजिस्किए कितीतरी अधिक योग्य. तिथल्या ब्रुअरांनी ती करून पाहावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. धुरावरचा गव्हाचा माल्ट जर्मनीत बनतो, तो मागवावा लागेल. गव्हाच्या दाण्याला साल नसते, त्यामुळे गाळताना लगदा अडकतो. तो मोकळा ठेवायला मॅशमध्ये भाताची स्वच्छ धुतलेली तुसं मिसळतात. ती मावळातल्या कुठल्याही भातगिरणीत पोत्यांनी मिळतील.