भूक, भय आणि अभ्यास

एखादा विद्यार्थी अभ्यासांत मागें पडूं लागला, कीं 'मंद' अथवा 'आळशी' हीं विशेषणें आपल्या जिभेवर तयारच असतात. तो सकाळीं काय खाऊन आला आणि रात्रीं कशा घरांत निजला, हे प्रश्न मात्र क्वचितच विचारले जातात. आमच्या मतें क्रम याच्या उलट असावा.

इ. स. १९४४-४५ सालीं अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत डॉ. अ‍ॅन्सेल कीझ यांनीं केलेला प्रयोग या बाबतींत बोधप्रद आहे. विवेकबुद्धीस स्मरून शस्त्र धरण्यास नकार देणाऱ्या ३६ तरुणांनीं त्यांत स्वखुशीनें भाग घेतला. २४ आठवडे त्यांना जवळजवळ अर्ध्या आहारावर ठेवण्यांत आलें. त्यांचें वजन सुमारें एक चतुर्थांश घटलें. ते चिडखोर व उदास झाले. अन्नाखेरीज दुसरें कांहीं सुचेना. चित्त एकाग्र होत नाहीं, अशी त्यांची तक्रार होती. परंतु बुद्धिमापनाच्या कसोट्यांत म्हणण्यासारखी घट दिसली नाहीं! दिवा शाबूत होता. तेल तेवढें सरलें होतें. सुदृढ प्रौढांची ही गत, तर वाढत्या मुलांची कथा काय?

पोट भरलें म्हणजे पोषण झालें, असेंही नव्हे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणांत (२०१९-२१) १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकीं शेंकडा ५९ जणींना रक्तक्षय असल्याचें आढळलें. रक्तांत लोह उणें पडलें, कीं थकवा येतो व लक्ष उडतें. त्यांत घरची भांडणें, कर्जाची चिंता वा छडीचा धाक यांची भर पडली, तर शरीरांत कॉर्टिसॉल नामक द्रव्य वाढतें आणि पाठ केलेलें ऐन वेळीं आठवत नाहीं. जन्मजात वाचनदोष ही गोष्ट निराळी; तो केवळ भाकरीनें जात नाहीं, त्यास वेगळी शिक्षणपद्धति लागते. परंतु भूक व भय दूर केल्यावांचून खरा दोष कोणता, हें ओळखणेंच कठीण.

१९९५ सालीं सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या शालेय भोजन योजनेंत सहावी ते आठवीच्या मुलास दररोज ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिनें मिळावींत, असा दंडक आहे. परंतु ही योजना आठवीपर्यंतच! नववींत पाऊल पडतांच ताट उचललें जातें. आणि शरीराची वाढ व शालान्त परीक्षेची चिंता हीं दोन्ही तर त्याच सुमारास ऐन भरांत असतात. हायस्कुलांनीं ही उणीव भरून काढावी. मूठभर शेंगदाणे, भिजविलेले हरभरे व गुळाचा खडा यांस मोठा खर्च नाहीं. मात्र तें सर्वांस सारखें द्यावें; गरिबांची यादी वाचून नव्हे, कारण लाजेनें घेतलेला घास अंगीं लागत नाहीं.

ईजबेलीच्या भयानें पळालेला एलीया झुडपाखालीं मरण मागत निजला, तेव्हां देवदूतानें त्यास उपदेश केला नाहीं. आधीं भाकर व पाणी दिलें, निजूं दिलें, पुनः जेवूं घातलें; होरेबावरील वाणी त्यास नंतर ऐकूं आली. शिक्षकांनीं हाच क्रम ध्यानीं धरावा.