भिंतीतल्या बाई

जामनेरात कुत्र्याचं पिल्लू घरी आलं की पहिल्या आठवड्यात तीन गोष्टी ठरतात. त्याचं नाव, त्याचं झोपायचं पोतं, आणि त्याच्या कानात कोण राहणार. पहिल्या दोन घरचे लोक भांडून ठरवतात. तिसरी गोचीडबाई परस्पर ठरवते.

या, ओळख करून देतो. रंग तपकिरी, अंग चपटं, उपाशी असताना लांबी जेमतेम तीन मिलिमीटर. पाय आठ. तिला किडा म्हणू नका, ती कोळ्या-विंचवांच्या घराण्यातली आहे आणि घराण्याबद्दल हळवी आहे. जन्मतः मात्र पाय सहाच असतात. एकदा पोटभर रक्त पिऊन कात टाकली की उरलेले दोन मिळतात. डोळे आहेत ते नावापुरतेच. त्यावाचून तिचं काही अडलेलंही नाही.

गोठ्यात राहणारी तिची बहीण वेगळी. ती एकदा वासराच्या अंगावर चढली की बालपण, तारुण्य, लग्न सगळं त्याच अंगावर उरकते आणि अंडी घालायलाच काय ती खाली उतरते. आपली कुत्र्यावरची बाई फिरस्ती. आता बंद पडलेल्या पाचोरा–जामनेर पीजेतून लोक जसे ठेसनाठेसनाला उतरत-चढत 56 किलोमीटर काढायचे, तशी ही आयुष्यात तीनदा चढते आणि तीनदा उतरते. बाळपणी एकदा, मधल्या वयात एकदा, मोठेपणी एकदा. प्रत्येक जेवणाला आठवडाभराच्या आत-बाहेर. उरलेले महिने ती कुठे असते, हे कुणी विचारत नाही, आणि बाईचं सगळं राजकारण या न विचारण्यावर चालतं. पिल्लावर ती फक्त जेवायला येते. राहायला ती तुमच्याकडेच असते.

राहण्याच्या बाबतीत तिला उंचीची हौस. उतरली की ती जमिनीवर रेंगाळत नाही, भिंत धरते आणि वर निघते. जुन्या धाब्याच्या घरात मातीच्या भिंतीचे पोपडे आणि वरच्या लाकडी कड्यांच्या फटी तिला फार मानवतात. पण नवीन स्लॅबच्या घरांशी तिचं वैर आहे असंही नाही. दाराच्या चौकटीमागे, स्विचबोर्डच्या आत, भिंतीवरच्या कॅलेंडरमागे ती आनंदाने राहते. एका मावशींना पावसाळ्याच्या तोंडावर भिंतीवर बारीक ठिपके चालताना दिसले. मुंग्या समजून त्यांनी दुकानातून खडू आणला आणि जमिनीलगत चारी भिंतींना रेघ ओढली. ठिपके तोवर रेघेच्या चार फूट वर पोचले होते आणि वरच चालले होते.

तिचा खरा गुण म्हणजे सबुरी. तिला उडता येत नाही, उडी मारता येत नाही, पळता तर मुळीच येत नाही. पुढच्या दोन पायांच्या टोकाला मात्र वास हुंगायची सोय आहे. श्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब, केसांचा वास हे सगळं तिला तिथे कळतं. ते पाय पुढे करून ती बसून राहते, आणि वास पटला की चालत निघते. पूर्ण वाढलेली गोचीड वर्षभरसुद्धा उपाशी काढू शकते. एका घरचे लोक कामासाठी सुरतेला गेले. आधीचं कुत्रं शेतावर दिलं, घराला कुलूप लावलं. दिवाळीला परतले ते पोरासाठी नवंकोरं पिल्लू घेऊन. चारच दिवसांत पिल्लाच्या बोटांच्या बेचक्यात दोन बाया बसलेल्या. "दुकानदारानं फसवलं," असा घरात निकाल लागला. दुकानदार बिचारा निर्दोष होता. बाई घरातच होत्या, किल्लीचा आवाज ऐकून फक्त उठल्या.

जेवण्याच्या रीतीत तिचा हात धरणारं कुणी नाही. डासाने चावा घेतला की चापट बसते, कारण डासाला संस्कार नाहीत. ही आधी जागा बधिर करते. मग करवतीसारखं तोंड आत घालते, आपल्याच लाळेतला चिकट पदार्थ भोवती लावून ते पक्कं बसवते, रक्त गोठू नये याचीही व्यवस्था करते आणि मगच पहिला घोट घेते. पिल्लू हूं की चूं करत नाही. आठवड्याने तिचं वजन शंभरपटीच्या घरात गेलेलं असतं. तपकिरी रंग जाऊन ती राखाडी, टम्म, गुळगुळीत होते. एका पोराने ओट्यावर बसून हाक मारली होती, "आजी, मोत्याच्या कानात एरंडी गेली!" आजीने चष्मा लावला आणि म्हणाली, "अरे बाप्पा, ही तं गोचीड हाये." आजी तिला नखावर चिरडायला निघाली होती, तेवढं मात्र करू नये. तिच्या पोटातलं रक्त आणि त्यातले रोगजंतू आपल्याच बोटांना लागतात.

संसार म्हणाल तर थोडक्यात आहे. नवरा बारीकच राहतो, थोडंसं पितो आणि बायको शोधत कुत्र्याच्या अंगभर हिंडतो. पोट भरल्यावर बाई खाली पडते, फट गाठते, एकाच बाळंतपणात हजार-दोन हजार, कधी चार हजारांपर्यंत अंडी घालते आणि मरते. कानातली एक एरंडी नुसती खाली पडू देणं म्हणजे काय, याचा हिशेब इथे लागतो.

आणि गर्व? तो तर विचारू नका. ज्ञानेश्वरीत आपला उल्लेख आहे, हे ती विसरू देत नाही. नवव्या अध्यायात माउलींनी तिचं उदाहरण दिलं आहे: कातडीच्या पडद्याआड गोड दूध असताना ते टाकून रक्तच पिणारी म्हणून. नावं ठेवलीत हे खरं, पण नाव घेतलं ना! दुसरी तिची तक्रार डासाबद्दल आहे. रोनाल्ड रॉसने 1897 मध्ये सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू पाहिले, 1902 मध्ये त्याला नोबेल मिळालं आणि डास जगभर गाजला. वास्तविक गुरांचा टेक्सास ताप गोचीड पसरवते हे अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी 1893 मध्येच छापून सिद्ध केलं होतं. डासाच्या चार वर्षं आधी. त्या मानाने तिचा सत्कार झाला नाही आणि हे शल्य ती पिल्लांवर काढते. घराण्यात तिच्याहून जहाल बायकाही आहेत. कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात 1957 मध्ये ओळखला गेलेला आणि 2016 मध्ये सिंधुदुर्गात धुमाकूळ घातलेला माकडताप जंगलातल्या गोचिडी माणसांपर्यंत आणतात. आपल्या जामनेरच्या बाईला माणसाचं रक्त फारसं रुचत नाही. तिचा जीव कुत्र्यावर.

आता तिच्या शेजारणीबद्दल दोन शब्द, कारण पिल्लाच्या अंगावर दोघी एकत्र नांदतात. पिसूबाईंचा स्वभाव अगदी उलटा. सदा घाई, सदा उड्या, चावा घेऊन लगेच बोभाटा. पिल्लू मागचा पाय आपटत खाजवायला लागलं की आख्ख्या गल्लीला कळतं. तीही पोतं, गोधडी, खाटेखालची धूळ यांतच पिलावळ वाढवते. कोषातली तिची पोरं तर पावलांचा हादरा बसेपर्यंत बाहेरच येत नाहीत. तिचा माग काढायला पिल्लाला बारीक फणीने विंचरा आणि पडलेली काळी पूड ओल्या पांढऱ्या फडक्यावर घ्या. लाल डाग उमटला तर ती धूळ नव्हे, पिसूची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. पिसू गिळली तर पिल्लाच्या पोटात पट्टकृमी होतात ते वेगळंच. पण पिसूला खानदेशचा मे झेपत नाही. पारा 45 च्या आसपास गेला आणि हवा कोरडी झाली की तिची अळ्यांची पिढी उन्हात टाकलेल्या पोत्यावर वाळून जाते. गोचीडबाई त्याच उन्हाळ्यात भिंतीच्या फटीत बसून पावसाची वाट बघते.

पिल्लूच का, असं तिला विचारलं तर ती खरं उत्तर देईल: कातडी मऊ, केस विरळ, आणि प्रतिकार म्हणून फक्त खेळणं. शिवाय बहुतेकदा ती पिल्लाच्या आईबरोबरच येते. लोक पिल्लाला न्याहाळतात, आईकडे कुणी बघत नाही. दोन किलोच्या पिल्लाच्या अंगात रक्त असतं साधारण पावणेदोनशे मिली. त्यात पंचवीस-तीस बायांची पंगत बसली की हिरड्या पांढऱ्या पडायला वेळ लागत नाही. त्याहून वाईट म्हणजे ती जेवताना मागे काय ठेवून जाते. एर्लिकिया, बबेसिया ही नावं लोकांच्या तोंडी नाहीत, लोक 'टिक फिवर' म्हणतात. पिल्लू भाकर हुंगून सोडतं, अंग तापतं, कोपऱ्यात पडून राहतं, कधी नाकातून रक्त येतं. अशा वेळी 'जंत झाले असतील' म्हणून घरचं औषध पाजत बसलात की दोन दिवस बाईच्या खात्यात जमा.

तिचे शत्रू पुष्कळ आहेत, पण बहुतेकांना ती हसते. कुणी रॉकेल चोपडतं, कुणी अगरबत्तीचा चटका देतं. चटका बसला की ती पोटातलं उलट पिल्लाच्या अंगात ओकण्याचा धोका असतो आणि पिल्लू भाजतं ते निराळं. सगळ्यात मोठा घोटाळा कपाशीच्या हंगामात होतो. घराच्या कोपऱ्यात फवारणीच्या औषधाची अर्धी बाटली असतेच. त्यातलं 'थोडंसंच' पाण्यात घालून पिल्लाला आंघोळ घालणारे शहाणे मी ऐकून आहे. 2017 मध्ये यवतमाळकडे ही औषधं फवारताना विषबाधा होऊन धडधाकट माणसं दगावली. पिल्लू तर अंग चाटतं. लाळ गळते, अंग थरथरतं, आणि संध्याकाळपर्यंत घरात रडारड. गोठ्यातल्या गाईसाठी आणलेल्या औषधाचंही तसंच. ते गाईच्या मापाचं, आणि अमिट्राझसारखं औषध तर लहान पिल्लाला चालतच नाही. या सगळ्या लढाईत भिंतीतल्या बाईच्या केसालाही धक्का लागत नाही.

ती खरी घाबरते ती साध्या गोष्टींना. एक, चिमटा. रोज संध्याकाळी कानाच्या पाळीत, काखेत, बोटांच्या बेचक्यात, पट्ट्याखाली बोटं फिरवायची, सापडली की कातडीला अगदी लगटून धरायची, न पिरगाळता सरळ ओढायची आणि साबणाच्या पाण्यात बुडवायची. रोज म्हणजे रोजच, कारण रोगजंतू पोचवायला तिला काही तास पुरतात. दोन, वजनकाटा. गुरांच्या दवाखान्यात पिल्लू काट्यावर चढलं की बाईचं धाबं दणाणतं. अफॉक्सोलेनर किंवा फ्लुरालेनरची चघळायची गोळी पिल्लू आठ आठवड्यांचं आणि दोन किलोचं झालं की डॉक्टर वजन पाहून देतात. त्याहून तान्ह्याला काय द्यायचं आणि आईला काय, हेही तेच ठरवतात. तोवर चिमटा आणि फणी. या गोळीबद्दल लोकांची एक तक्रार ठरलेली: "साहेब, गोळी देली तरी गोचीड दिसूनच राहिली." दिसणारच. औषध पिल्लाच्या रक्तात असतं, ते प्यायल्याशिवाय बाई मरत नाही. ते तिचं शेवटचं जेवण, एवढं समजायचं.

तिसरी भीती गवंड्याची. फटी सिमेंटने बुजवल्या, चौकटीमागची पोकळी भरली, पिल्लाची जागा भिंतीपासून हातभर लांब सरकवली, की चार हजार लेकरांना बिऱ्हाड उरत नाही. पण गवंडी दोन दिवसांची मजुरी सांगतो आणि घरमालक म्हणतो, कुत्र्यापायी एवढा खर्च?

पोळ्याला बैल धुतले जातात, घासले जातात, गोठ्यातल्या बहिणीचा त्या दिवशी चांगलाच समाचार घेतला जातो. कुत्र्याच्या वाट्याला पोळीचा तुकडा येतो. बाईचं पंचांग याच सुमाराला तिला साथ देतं. जूनमध्ये पिल्लाला पहिली गोळी मिळालेली असते, कान स्वच्छ दिसतात, सगळे खूश असतात. त्यातल्या काही गोळ्यांचा असर महिनाभराचाच असतो, आणि दुसरी गोळी येते ती नेमकी निंदणी-कोळपणीच्या धांदलीत. "आता तं काहीच नाही त्याच्या अंगावर," असं म्हणून ती पुढच्या आठवड्यावर जाते, मग पोळ्यानंतर बघू असं ठरतं. कॅलेंडरवर तारखेभोवती केलेला गोल तसाच राहतो. कॅलेंडरमागे पहिल्या पावसातली अंडी फुटून पोरं सहा पायांवर उभी राहिलेली असतात.