शेवंतीच्या आडून

निवृत्त झाल्यावर मुलाने मला फेसबुकावर खाते उघडून दिले आणि त्यावर माझे पारपत्रासाठी काढलेले छायाचित्र लावले. मला त्यात काही वावगे वाटले नाही. उलट, फुलापाखरांच्या चित्रांआडून बोलणाऱ्यांविषयी माझ्या मनात अढीच होती. तशाच आडोशाने लिहिलेली शिवीगाळ मी वाचली होती.

पुढे शेवंतीच्या चित्राआडून लिहिणारी एक कवयित्री वाचनात आली. सासरघरातल्या अबोल्याविषयीच्या तिच्या कविता अस्सल होत्या. मी तिला वडीलकीने कळवले, की कवीने आपल्या शब्दांमागे स्वतःच्या चेहऱ्यानिशी उभे राहावे. तिने ऐकले. फूल गेले, चेहरा आला. आणि आठवड्याभरात चेहराही गेला, कविताही गेल्या.

खरे तर मला हे कळायला हवे होते. ‘कळ्यांचे निःश्वास’ मी वर्षानुवर्षे शिकवले. 1933 साली ते विभावरी शिरूरकर या नावाने आले आणि मोठे वादळ उठले. सुशिक्षित, अविवाहित स्त्रीची घुसमट त्यात उघड झाली होती. पण कितीतरी वाचकांना त्याहून मोठी उत्सुकता ही, की ही बाई कोण? त्या नावाआडच्या बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर, यांना त्या आडोशाची गरज का पडली असेल, हे मी वर्गात तासभर समजावून सांगत असे.

आडोसा नेहमी भयापोटीच घेतला जातो असेही नाही. ‘ललित’ मासिकातला ठणठणपाळ आठवावा. जयवंत दळवींनी त्या नावाआडून भल्याभल्या साहित्यिकांची थट्टा केली, आणि वसंत सरवट्यांनी त्याला हाती हातोडा दिलेले रूपही दिले. वाचकांनी त्या रेखाचित्रालाच लेखक मानले. कुणी त्याचे छायाचित्र मागितले नाही. (या चित्रांना आता ‘अवतार’ म्हणतात. आपलाच शब्द इंग्रजीची वारी करून परत आला आहे. आमच्या घरी मात्र ‘काय हा अवतार!’ असे केस विस्कटलेल्या मुलाला म्हणत.)

दळवींना थट्टा करायची होती, तिला श्वास घ्यायचा होता. मी दोघांना एकच नियम लावला. आणि तोही अशा वयात, जेव्हा माझा चेहरा दिसल्याने माझे काहीच बिघडणार नव्हते.

तिच्या खात्यावर आता नुसते करडे वर्तुळ दिसते. मी तिला क्षमा मागणारे चार शब्द पाठवले आहेत. ते तिने वाचले की नाही, हे त्या वर्तुळावरून समजत नाही.